साहेब येणार म्हणून घेतलेले बूट

१२ मे. परवा रंगारी येणार आहेत, म्हणून आज माळा रिकामा करायला घेतला. उन्हं चढायच्या आत काम उरकायचं होतं, पण सोलापूरच्या मे महिन्यात उन्हं सकाळी आठलाच चढलेली असतात. तांब्याचा बंब, मुलाची बाळपणीची तीनचाकी, गळका कूलर, लग्नातल्या ताटांचं पोतं असं एकेक खाली देत गेले. मिस्टर शिडी धरून उभे होते. अगदी तळाशी पुठ्ठ्याचं खोकं निघालं. त्यात काळे बूट, आठ नंबरचे. वरचं कातडं वाळून तडकलं होतं, पण तळवे नव्यासारखे. खाचांत जेमतेम थोडी धूळ होती. "टाकायचे का?" मिस्टरांनी विचारलं. मी हो म्हणाले. भंगारवाला उद्या येतो. तोपर्यंत एवढं लिहून होईल.

आमचं स्टेशन बोरमळा. स्टेशन म्हणायची पद्धत, खरं तर हॉल्ट. सोलापूरहून पॅसेंजरनं वीस-पंचवीस मिनिटं. वाफेच्या इंजिनांच्या काळात तिथं गाड्या पाणी प्यायला थांबायच्या, म्हणून ते स्टेशन झालं. माणसांसाठी ते कुणी बांधलंच नव्हतं. पुढं डिझेल आलं, टाकी रिकामी झाली, मोडून नेली. पण तोवर गावाला गाडीची सवय लागली होती, आणि गाडीला गावाची. त्यामुळं सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन पॅसेंजर मिनिटभर थांबायच्या. बाकीच्या मेल, एक्सप्रेस, मालगाड्या धूळ उडवत निघून जायच्या. सोयी म्हणाल तर एक कडुलिंब, एक हापसा, सिमेंटचा बाक, वेळापत्रकाची पाटी आणि तिकिटांची एक खोली. तिची खिडकी एवढीशी की हात आत घातला की तोंड दिसत नसे. फलाट रुळाच्याच उंचीचा. गाव रुळांच्या पलीकडं आणि फलाट अलीकडं, त्यामुळं गाडी धरायची तर टोपल्या, पोती, लेकरं घेऊन रूळ ओलांडूनच यावं लागे. पूल नव्हता. आजही नाही, आता तर गाडीच थांबत नाही. दोन लोहमार्ग झाले, वर विजेच्या तारा आल्या, मधल्या काळात गाड्या बंद होत्या त्या पुन्हा सुरू झाल्या, पण बोरमळ्याचा थांबा वेळापत्रकात परत आला नाही. मागच्या वर्षी मी गाडीतून जाताना खिडकीला तोंड लावून बसले होते. लिंब दिसला. बाक दिसला की नाही, सांगता येत नाही, गाडी वेगात होती.

माझे वडील, आप्पा, या हॉल्टचे एजंट होते. एजंट म्हणजे रेल्वेचा नोकर नव्हे. सोलापूरहून पुठ्ठ्याची तिकिटं आणायची, तारीख ठोकून विकायची, फलाट झाडायचा, संध्याकाळी कंदील लावायचा आणि घंटा वाजवायची. त्याचं कमिशन मिळे. त्याआधी वीस वर्षं आप्पा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. गिरणी बंद पडली तेव्हा कुणाला काही मिळालं, कुणाला काही नाही. आप्पांना मिळालं ते बहिरेपण. साच्याच्या खात्यात शेकडो माग एकदम चालतात. तिथं कुणी कुणाशी आवाजात बोलत नाही, ओठांवर बोलतात. वीस वर्षांत ओठ वाचायला माणूस तयार होतो आणि कान जातात. बोरमळ्याला आलो तेव्हा आप्पांना थोडं ऐकू यायचं. मी दहावीला गेले तोवर अजिबात नाही.

हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. खिडकीशी येणारा माणूस आधी खाली वाकून तोंड दाखवायचा, मग "सोलापूर दोन" म्हणायचा. सुगलामावशी रोज सकाळच्या गाडीनं मेथी-कोथिंबिरीची टोपली सोलापूरच्या मंडईत न्यायची. तिचं तोंड मोठं, आवाज त्याहून मोठा. ती वाकताना म्हणायची, "एजंटबापू, माझं थोबाड बगितल्याबिगर तिकीट देत न्हाय बगा. सोयरीक जुळवतंय की काय!" आप्पा तेवढंच गंभीर तोंड करून तिकीट ठोकायचे आणि म्हणायचे, "थोबाड बगूनच निम्मं तिकीट देऊ का ईचार करतूय. बारा वर्साच्या आतलं दिसतंय."

घरात तर आवाजाचं कामच नव्हतं. अव्वा, म्हणजे माझी आई, मैंदर्गीची. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि आप्पांशी ओठांची तिसरी भाषा. चुलीपाशी बसून ती अंगणापलीकडच्या आप्पांना आवाज न काढता विचारायची, भाकरी आत्ता का गाडी गेल्यावर? आप्पा तिथूनच उत्तर द्यायचे. परातीतल्या भाकरीचा थापटा, खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटल्याचा दणका, आणि मधे कुठं तरी गाडी, एवढेच आमच्या घरचे आवाज. आमची भांडणंही शेजाऱ्यांना कधी ऐकू गेली नाहीत. अव्वाला फार राग आला की ती आप्पांकडं पाठ करून बोलायची, म्हणजे त्यांना उत्तर देता येत नसे. मग आप्पा गोल फिरून तिच्यासमोर यायचे, की ती पुन्हा पाठ फिरवायची. असं अंगणभर चालायचं. मला तेव्हा त्याचं हसू यायचं. आज नवरा-बायकोची खूप भांडणं पाहून झाल्यावर वाटतं, ती पद्धत वाईट नव्हती.

आता घंटेचं सांगते. फलाटाच्या टोकाला एका खांबाला रुळाचा हातभर तुकडा टांगलेला होता आणि शेजारी लोखंडी गज. गाडी येते आहे हे आम्हाला कळवायला फोन नव्हता, सिग्नल लांब होता, आणि सोलापूरच्या अंगाला रूळ टेकडी फोडून केलेल्या खोदाणीतून वळून येत असल्यामुळं गाडी अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नसे. एजंटानं चाहूल लागली की गज हाणायचा. लोक रुळांवरून बाजूला व्हायचे, गुरं हाकलायचे. गावाचा त्या घंटेवर इतका विश्वास की कान देऊन ऐकायची सवयच कुणाला उरली नव्हती. घंटा नाही म्हणजे गाडी नाही. बायका रुळावर टोपली टेकवून चुंबळ नीट करायच्या, म्हातारे मधेच उभारून तंबाखू मळायचे.

आणि आप्पांची घंटा कधी चुकली नाही. मला धड कान असून ऐकू यायच्या आधी ते गज हाणायचे. मालगाडी असली तर आणखी लवकर. मी एकदा विचारलं, तुम्हाला कसं कळतं? ते म्हणाले, "कळतंय की." अव्वाचं म्हणणं, सिद्धरामेश्वर सांगतो. सुगलामावशीचं म्हणणं, कुत्री कान टवकारतात ते बघून कळतं. मला वाटायचं, सवय. घंटा वाजवायची वेळ जवळ आली की आप्पा खिडकीखाली चपला काढून ठेवायचे आणि खांबाच्या बुडाशी एक काळा फत्तर होता, जुन्या टाकीच्या पायाचा उरलेला, त्यावर जाऊन उभारायचे. आम्ही म्हणायचो, घंटेला पाया पडल्यासारखं करतात. चार वर्षं रोज ते पाहिलं आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. बहुधा आप्पांच्याही नाही. माणूस चालताना पाय कसे टाकतो हे स्वतःला विचारत बसत नाही, तसंच ते.

मी अकरावीला असताना एका संध्याकाळी पॅसेंजरच्या गार्डनं उतरून निरोप दिला, परवा सकाळच्या गाडीनं इन्स्पेक्टर साहेब येणार. तिकिटं, फलाट, घंटा, सगळं बघणार. आप्पांनी त्याचे ओठ वाचले आणि मान हलवली. रात्री जेवताना त्यांनी भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. काम गेलं तर घरही जाणार होतं. हॉल्टमागच्या दोन खोल्या एजंटाच्या होत्या. त्या गेल्या की एक तर मैंदर्गीला मामाच्या दारात, नाही तर सोलापुरात भाड्याची खोली, आणि बहिऱ्या माणसाला सोलापुरात काम कोण देणार. माझं कॉलेजही त्या गाडीवर होतं.

अव्वानं मात्र उठून तयारी मांडली. धोतर नको, पॅंट घाला. टोपी धुतली. मग तिची नजर पायांवर गेली. "साहेबाम्होरं अनवाणी उभारनार व्हय तुमी? भिकाऱ्यागत?"

"मी एजंट हाय, साहेब न्हाय," आप्पा म्हणाले.

"सुम्मनिर्री," ती म्हणाली. ती कानडीत गप्प बसा म्हणाली की विषय संपला असं आम्ही धरत असू. तिनं वर्तमानपत्रावर आप्पांचा पाय ठेवला, खडूनं भोवती रेघ ओढली आणि तो कागद माझ्या दप्तरात टाकला.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी नव्या पेठेत गेले. दुकानदारानं कागदावर बूट ठेवून बघितला. दोन प्रकार होते, एक पातळ तळव्याचा, एक जाड. "हा घे, मुली," तो जाड तळवा वाकवायचा प्रयत्न करत म्हणाला. "टायरचं रबर आहे. खाली विंचू मेला तरी वर कळणार नाही." मी व्यवहारी मुलगी होते. जास्त टिकेल तोच घेतला.

साहेब आले ते अगदी साधे गृहस्थ होते. हातात रेक्झिनची पिशवी, डोक्यावर छत्री, आणि वरचा ओठ पूर्ण झाकणारी मिशी. तिच्यामागं काय बोललं जातंय हे आप्पांना दिसणार कसं? मग मी कामाला लागले. साहेबांच्या मागं, हापशाजवळ कळशी घेऊन उभी राहिले आणि ते जे विचारतील ते ओठांवर पुन्हा म्हणत गेले. "तिकिटं कोणत्या कोणत्या स्टेशनांची ठेवता?" मी म्हटलं, आप्पांनी माझ्याकडं बघून साहेबांना उत्तर दिलं. "कंदिलाची काच कधी बदलली?" तेही जमलं. साहेब एकदा मागं वळून म्हणाले, "एजंट, तुमच्या मुलीचा हापसा कोरडाच चाललाय." मी दांडा दाबायलाच विसरले होते. मग पाणी उपसत उपसत ओठ हलवले. साहेबांनी तिकिटांचा कप्पा पाहिला, फलाट पाहिला, लिंबाखाली पानसुद्धा पडलेलं नाही म्हणून कौतुक केलं. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. सोलापूरकडं जाणारी गाडी यायला अवकाश होता. साहेब म्हणाले, आता घंटा कुठं आहे तेवढी बघू आणि मग निवांत बसू.

आप्पा त्यांना घेऊन खांबापाशी गेले. सवयीनं त्या फत्तरावर उभारले. सकाळपासून ते नवे नाल ठोकलेल्या बैलासारखे चालत होते. आता उभ्या उभ्या एक पाय उचलायचे, पुन्हा ठेवायचे, मग दुसरा. बूट चावत असतील असं मला वाटलं. पलीकडून गाडीसाठी माणसं यायला लागली होती. सुगलामावशी टोपली घेऊन रुळांत आली, मधेच थांबली, टोपली रुळावर टेकवून चुंबळ सोडली आणि पुन्हा वळायला लागली.

आणि मला मालगाडी ऐकू आली. उतारावर इंजिन जोर लावत नाही, वाराही उलटा होता, म्हणून आवाज अगदी बारीक. पण रूळ गात होते. मी आप्पांकडं बघितलं. ते साहेबांना गज कसा धरायचा ते दाखवत होते. मला वाटलं, आता वाजवतील. ते माझ्या आधी ओळखतात, नेहमी. मी थांबले. किती थांबले ते आज सांगता येणार नाही. मला ते फार मोठं वाटतं, प्रत्यक्षात दोन-तीन श्वास असतील. साहेबांनी मान वर केली, त्यांनाही ऐकू आलं असावं. आप्पा बोलतच होते. मी वाजवली तर सगळं उघडं पडणार होतं. मी नाही वाजवली तर सुगलामावशी खाली वाकून चुंबळ वळत होती.

मी कळशी टाकून पळाले, आप्पांच्या हातातला गज हिसकावला आणि हाणला. एकदा नव्हे, हाणतच राहिले. सुगलामावशीनं वर बघितलं, टोपली तिथंच सोडली आणि लुगडं धरून आमच्या बाजूला उडी मारली. मालगाडी खोदाणीतून बाहेर आली ती भोंगा वाजवतच. आप्पांनी गाडीकडं पाहिलं ते तिचा वारा तोंडावर आल्यावर. मग माझ्या हातातल्या गजाकडं. मग खाली, बुटांकडं. त्या क्षणी त्यांना कळलं, आणि त्यांच्याकडं बघून मलाही कळलं. गाडी गेली. रुळांत कोथिंबीर चेचून पडली होती, तिचा वास सगळ्या फलाटावर पसरला होता. सुगलामावशी लुगडं सावरत म्हणाली, "जाऊ द्या वो, काय झालं न्हाय. मीच येडी." आणि साहेबांना म्हणाली, "साहेब, मीच रुळात बसले वो. बापूंची काय चूक न्हाय."

साहेब आप्पांच्या पाठीमागं गेले. हळूच म्हणाले, "एजंट." मग जरा मोठ्यानं, "एजंट." आप्पा खाली बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "किती दिवस?"

"दीड-दोन वर्षं," मी म्हणाले. खोटं बोलून काही उपयोग नव्हता.

त्यांनी पिशवीतून कागद काढला, बाकावर बसले आणि लिहिलं. माझ्याशी नीट बोलले. म्हणाले, तुझे वडील प्रामाणिक आहेत, सगळं चोख आहे, पण उद्या ती बाई मेली असती तर? त्यांच्या जागी मी असते तरी तेच लिहिलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं आणि म्हणूनच कुणावर रागावताही येत नव्हतं. नवा माणूस येईपर्यंत घंटेपाशी ऐकू येणारं कुणीतरी पाहिजे, वडिलांना समजावून सांग, असं ते म्हणाले. मी आप्पांच्या समोर जाऊन बसले आणि ओठांवर सगळं सांगितलं. आयुष्यात मी त्यांना दिलेली ती सगळ्यात वाईट बातमी. त्यांनी मान हलवली, बूट जोडीनं बाकाखाली ठेवले.

तेवढ्यात अव्वा ताट घेऊन आली. घरात चुलीपाशी तिला काही कळलं नव्हतं. शेंगाच्या पोळ्या, वर तुपाची धार. "साहेब, उनउन हायत, खावा." साहेबांनी माझ्याकडं बघितलं, कागद पिशवीत सरकवला आणि ताट घेतलं. त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या. चांगल्या झाल्यात म्हणाले. अव्वानं तिसरी वाढली.

ते हात धूत असताना आप्पा उठले, अनवाणी फत्तरावर जाऊन उभारले, जरा वेळानं गज उचलला आणि घंटा दिली. मी कान दिला. काहीच नाही. साहेब घड्याळाकडं बघत उभे राहिले. लोक रुळांवरून बाजूला झाले, लेकरं आवरली, आणि तेव्हा कुठं लांब पॅसेंजरचा भोंगा ऐकू आला. साहेबांनी आप्पांच्या पायांकडं बघितलं, बराच वेळ. त्यांना कळलं, अगदी पूर्ण कळलं. गाडीत चढताना ते मला म्हणाले, "पायाला ऐकू येतं, हे मी कुठल्या रकान्यात लिहू, सांग?" गार्डनं हिरवा बावटा दाखवला.

नवा एजंट महिन्याभरात आला. आम्ही सोलापुरात गिरणीच्या मागल्या बाजूला एक खोली घेतली, अव्वा कडक भाकरी करून विकायला लागली, मी शिकवण्या धरल्या. आप्पा पुढं अठरा वर्षं जगले. खोलीखाली डांबरी रस्ता होता. ट्रक गेला की ते मधेच मान वर करायचे, मग पुन्हा खाली घालायचे. बूट पुन्हा कुणी घातले नाहीत आणि कुणी टाकलेही नाहीत. मी जाड तळवा निवडला, हे अव्वा मला कधी बोलली नाही. पाय कागदावर तिनं आखला, हे मी तिला कधी बोलले नाही.

पण मी त्या इन्स्पेक्शनच्या दुसऱ्या सकाळबद्दल सांगून थांबते. आप्पा उठले, अंघोळ केली, तिकिटं ठोकायला खोलीत जाऊन बसले आणि घंटेकडं आलेच नाहीत. साहेबांनी सांगितलं ते सांगितलं. मी वेणी घातली, दप्तर बाकावर ठेवलं आणि खांबापाशी गेले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून चपला काढल्या, फत्तरावर उभी राहिले आणि डोळे मिटले. दगड गार होता, थोडा ओला होता, एका कडेला गुळगुळीत झिजला होता. बाकी काहीही नाही. मी पाय बदलून बघितला. टाचा दाबून बघितल्या. मग मला गाडी ऐकू आली, साध्या कानांनी, आणि मी गज उचलला.

सुगलामावशी धावत रूळ ओलांडून आली. "आज लई उशिरा दिलीस की गं, नंदे," ती धापा टाकत म्हणाली. मी चपला घातल्या.